पोर्चचा स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यातली गळती: फ्लॅशिंग नेमकं कसं बसवायचं?

[सांधेजोड]

मे महिना लागला की पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामं निघतात, आणि पोर्चच्या बाबतीत पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो. सगळ्या फरशीवर कोटिंगचे दोन हात मारले जातात. पाणी मात्र शिरतं ते पोर्चचा स्लॅब घराच्या भिंतीला टेकतो, त्या एका रेघेतून. हा धागा त्या रेघेसाठी आहे, आणि तिथल्या फ्लॅशिंगसाठी, म्हणजे भिंतीत घालून सांध्यावर उतरवलेल्या पत्र्याच्या पट्टीसाठी. बंगला किंवा रो-हाउसचा पोर्च, ज्याचा स्लॅब वरच्या मजल्याला छोटी गच्ची म्हणून वापरतात, तो डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

आधी कारण. पोर्चचा स्लॅब पातळ आणि तिन्ही बाजूंनी उघडा. उन्हाळ्यात दुपारी तो तापतो, पहाटे निवतो. त्याला लागून असलेली विटांची भिंत वेगळ्या मापाने हलते. त्यामुळे सांध्यावरच्या प्लास्टरला केसासारखी भेग जाते. ती सिमेंटने भरली तरी पुढच्या उन्हाळ्यात उघडते, कारण हालचाल थांबलेली नसते.

दुसरं कारण पाण्याच्या हिशोबाचं आहे. १२ बाय १० फुटांचा पोर्च म्हणजे ११ चौरस मीटर. त्याच्या वरची भिंत १२ फूट रुंद आणि दोन मजले, म्हणजे २० फूट उंच असेल, तर ती एकटीच २२ चौरस मीटर भरते. नैर्ऋत्येकडून वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस भिंतीवर आपटतो, ओघळतो आणि थेट सांध्यात उतरतो. पश्चिम आणि दक्षिण तोंडाचे पोर्च आधी गळतात ते यामुळे.

काम काढण्याआधी खालून छत नीट पाहा. ओल भिंतीला लागून लांबट पट्ट्यात असेल, किंवा हॉलच्या भिंतीवर छताखाली आडवा लोणा (पांढरे क्षार) आला असेल, तर सांधा. छताच्या मधोमध डाग असेल तर फरशी आणि ढाळ. पाइपाभोवती गोल डाग असेल तर आउटलेट. बाहेरच्या कडेला असेल तर कठडा. चारही ठिकाणी एकच औषध चालत नाही.

खात्री करायची तर पाण्याची नळी खालून वर न्या. आधी फक्त फरशीवर १५-२० मिनिटं, मग सांध्यावर तेवढाच वेळ, मग भिंतीवर दोन फूट, मग आणखी वर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली येतं आणि काहीच कळत नाही.

[ओसरी]

हे वाचून सांध्यावर काय करायचं ते क्रमाने सांगाल का? कोटिंगवाले सांगतात की भिंतीवर एक फूट चढवलं की झालं, पत्र्याची गरज नाही.

[सांधेजोड]

एक फूट चढवलेल्या कोटिंगची वरची कड उघडी राहते, खरी अडचण तिथेच आहे. भिंतीवरून येणारं पाणी त्या कडेच्या मागे शिरतं आणि कोटिंग स्वतःच पाणी आत नेणारी पिशवी होते. कौलांचं तत्त्व लक्षात ठेवा: वरचं कौल नेहमी खालच्याच्या वर. इथे भिंतीवर चढवलेलं कोटिंग हे खालचं कौल आणि पत्र्याची पट्टी हे वरचं. वरचं कौल न घालता छप्पर कोणी पूर्ण झालं म्हणत नाही.

काम असं:

भिंतीला लागून फरशीची एक ओळ, साधारण एक फूट, उखडा. भिंतीचं प्लास्टर तयार फरशीपासून २५० मिमी उंचीपर्यंत विटेपर्यंत काढा. जुन्या प्लास्टरवरून कोटिंग घेऊ नका. पाणी प्लास्टरच्या मागून उतरतं आणि तुमचं सगळं काम त्याच्या पुढच्या बाजूला राहतं.

सांध्याची भेग व्ही आकारात २० मिमी रुंद, २० मिमी खोल उघडा. ब्लोअरने धूळ काढा, नुसत्या झाडूने निघत नाही. पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा. मग कोपऱ्यात ५० बाय ५० मिमीचा वाटा (काटकोन मोडणारी मसाल्याची गोलाई) घ्या, १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू, पाण्यात एसबीआर लॅटेक्स (मसाला चिवट करणारं रबरी द्रावण). सिमेंट जास्त म्हणजे वाटा मजबूत हा गैरसमज आहे, १ ला १ चा मसाला आकसून स्वतःच तडकतो. वाटा किमान तीन दिवस ओला ठेवा. काटकोनी कोपऱ्यात कोटिंग वळताना पातळ होतं आणि नेमकं तिथेच फाटतं, म्हणून वाटा.

कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. पहिला हात ओला असतानाच वाट्यावर फायबरची जाळी दाबून बसवा, भिंतीवर आणि फरशीवर प्रत्येकी १०० मिमी जाईल अशी. सिमेंटी कोटिंग असेल तर पृष्ठभाग ओलसर पण पाणी साचलेलं नसावं. पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर पूर्ण कोरडा. दोन्हीचे नियम उलट आहेत आणि कामगार ते सर्रास एक समजतात.

आता खाच. तयार फरशीपासून २०० मिमीच्या आसपास विटांची जी आडवी दरज सापडेल, तिथे ग्राइंडरने १०-१२ मिमी रुंद आणि विटेच्या तोंडापासून २५ मिमी खोल खाच मारा. फक्त प्लास्टरमध्ये मारलेल्या खाचेचा काडीचा उपयोग नाही, कारण प्लास्टरच्या मागचं पाणी तिला ओलांडून खाली जातं. कोटिंग या खाचेच्या तोंडापर्यंत आणून थांबवा.

पत्र्याचा घेर: विटेत २५ मिमी, प्लास्टरच्या जाडीपुरते २०, खाली उतरणारे ९०, आणि शेवटचे १५ मिमी बाहेर वळवलेले. एकूण १५० मिमी. आडवा भाग बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा. पत्रा खाचेत घालून दर ४५० मिमीवर पाचर ठोका. शिशाची पाचर मिळाली नाही तर त्याच पत्र्याची चार पदरी घडी चालते. मग बॅकर रॉड (फोमची गोल दोरी), वर पीयू सीलंट, आणि खाचेच्या वरचं प्लास्टर पुन्हा करून घ्या. पत्र्याच्या तोंडावर प्लास्टर करू नका, ते पत्र्याला धरत नाही आणि पडेपर्यंत ओल धरून ठेवतं.

पत्रा फक्त भिंतीला धरलेला असतो, स्लॅबला नाही. स्लॅब हलला तरी तो त्याच्या समोर मोकळा सरकतो. पत्रा खालून स्क्रूने फरशीला घट्ट केला की ही सोय संपली.

[पत्राकाम]

वरच्या मापात भर घालतो.

१२ बाय १० च्या पोर्चचा, कठड्यांच्या बाजूही धरून, चारही बाजूंचा घेर ४४ फूट, म्हणजे १३.४ मीटर. ८ बाय ४ फुटांच्या एका पत्र्यातून १५० मिमी रुंदीच्या आठ पट्ट्या निघतात, एकूण साडेएकोणीस मीटर. जोडांचा वरचढ आणि कोपरे धरून एक पत्रा पुरतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा असा पत्रा सुमारे १२ किलोचा भरतो. सीलंट १२ मिमी रुंद, ६ मिमी जाड धरलं तर मीटरला ७२ मिली, म्हणजे एक लिटरच्या आत. ६०० मिलीची दोन सॉसेज (सीलंटच्या लांबट पिशव्या) आणा.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा घेताना गेजइतकंच जस्ताचं वजन विचारा. १२० ग्रॅमचा स्वस्त पडतो. बाहेरच्या कामाला २७५ ग्रॅमचा घ्या. हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून चौरस मीटरला असतो, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. ग्राइंडरने कापला की कडेचं जस्त जळतं, म्हणून कातरीनेच कापा आणि कापलेल्या कडेला झिंकचा रंग लावा. बेंडिंग मशीनवर खालची कड १० मिमी दुमडून घेतलेली बरी (घेर तेवढा वाढेल, पण पट्ट्या सातच निघाल्या तरी पुरतात). दुमड आली की पट्टी लाटांसारखी वाकत नाही आणि हातही कापत नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून लोक ते मागतात. ओल्या सिमेंटमधला अल्क ॲल्युमिनियम खातो. खाचेत जाणाऱ्या भागाला बिटुमेनचा रंग लावल्याशिवाय ते भिंतीत घालू नये. शिवाय ते जास्त फुगतं. ३ मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाला जवळपास ३ मिमी वाढते, लोखंडी पत्रा दीड मिमीच्या आत राहतो. म्हणून अडीच मीटरपेक्षा लांब तुकडा बसवू नका, आणि जोडावर १०० मिमी एकावर एक घ्या, मध्ये सीलंटच्या दोन रेघा. रिव्हेट मारायचाच तर जोडाच्या एकाच टोकाला. दोन्हीकडे मारला की पत्रा मधे फुगून भिंत सोडतो.

स्टेनलेस ३०४ अर्धा मिलिमीटर सगळ्यात टिकाऊ, पण हाताने वाकत नाही, सगळी मापं आधी देऊन मशीनवरच करून घ्यावी लागतात. भवानी पेठ, नाना पेठ भागात पत्र्याच्या दुकानांजवळ वाकवून मिळतो. जाताना तोंडी माप सांगू नका, पुठ्ठ्याचा आकार कापून न्या.

कोपरा कातरीने चिरून सीलंट फासू नका. जीआयचा कोपरा दुमडून डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. ॲल्युमिनियमला साधा डाग बसत नाही, तिथे वेगळा कोपरा-तुकडा करून तो दोन्ही पट्ट्यांच्या खाली १०० मिमी जाऊ द्या.

[ओसरी]

सिलिकॉन का नाही? ते तर सगळीकडे मिळतं.

[पत्राकाम]

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असेल तर त्यातलं आम्ल जस्ताला आणि सिमेंटलाही चालत नाही. ते धुळकट विटेला धरत नाही, आणि वर रंगही बसत नाही. पीयू घ्या, विटेला आधी त्याचा प्रायमर लावा.

बॅकर रॉड टाळू नका. खाच १२ मिमी असेल तर रॉड १५ मिमीचा, दाबून बसला पाहिजे. त्याने सीलंटची जाडी ठरते, आणि सीलंट फक्त वर-खाली चिकटतं, मागे नाही. तीन बाजूंनी चिकटलेलं सीलंट ताणायला जागा न मिळाल्याने मधोमध फाटतं. सीलंट फाटलं म्हणून माल खराब होता असं म्हणतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मागे रॉडच नसतो.

[देवडी]

भिंत विटांची नसली तर? नव्या कामात एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटी ठोकळे) असतात, आणि सांध्याच्या उंचीला कधी कधी आरसीसी बीम येतो.

[सांधेजोड]

बीममध्ये खाच मारायची नाही. सळीवरचं कव्हर २५-३० मिमीच असतं. २५ मिमीची खाच मारली तर सळी उघडी पडल्यात जमा, आणि गळती थांबवताना गंज सुरू कराल. कॉलम, बीम, आरसीसी कठडा, या तिन्हींवर खाचेऐवजी वरून दाबणारी पट्टी वापरा: ॲल्युमिनियमची ३ मिमी जाड, २५ मिमी रुंद पट्टी, दर २०० मिमीवर स्टेनलेस स्क्रू, पट्टीच्या वरच्या कडेला सीलंटसाठी बाहेर झुकलेली पन्हळ. तिथे प्लास्टर पट्टीच्या वर १०० मिमीपर्यंत काढून पट्टी थेट काँक्रीटवर बसवायची.

एएसी ब्लॉकमध्ये खाच सहज पडते, पण पाचर ठोकली की कड ढासळते. तिथे पाचर न ठोकता एएसीसाठीचे नायलॉन प्लग आणि स्क्रू वापरा. चार इंची भिंतीत खाच १५ मिमीपेक्षा खोल नको.

[कौलारू]

जुन्या भागातल्या दगडी ओट्यांसाठी थोडं वेगळं सांगावंसं वाटतं. पेठांमधल्या घडीव दगडाच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात. दगडात ग्राइंडर लावू नका, पत्रा दरजेतच जायला हवा. दरज २५-३० मिमी खरवडून काढा, पत्रा घाला, आणि दरज चुन्याच्या मसाल्याने भरा. सिमेंटने भरली तर भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडायची थांबते आणि दगडाच्या तोंडातून निघते, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. दगडी भिंतीत आडवी दरज सरळ मिळत नाही, तेव्हा पट्टी पायऱ्यांसारखी तुकड्यातुकड्यांत घ्यावी लागते, वरचा तुकडा खालच्यावर ७५ मिमी.

[ओसरी]

दाराशी काय करायचं? गच्चीचं दार त्याच भिंतीत आहे आणि उंबरा तयार फरशीपासून दोन इंचच वर आहे. २०० मिमी उंचीची पट्टी तिथे घेताच येत नाही.

[सांधेजोड]

बरोबर, आणि दाराची जागाच सगळ्यात जास्त गळते. पट्टी दाराच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबते आणि मध्ये तीन फुटांचं भगदाड राहतं.

दाराखाली पत्र्याचं ताट घालावं लागतं. चौकट बसवण्याआधी, किंवा उंबऱ्याची ग्रॅनाइट पट्टी काढून. ताटाची रचना: मागची कड घराच्या बाजूला २५ मिमी उभी, दोन्ही टोकं चौकटीमागे ५० मिमी उभी, आणि पुढची कड खाली वळून कोटिंगवर उतरलेली. मागची उभी कड नसेल तर वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ खोलीत जातं. टोकं उभी नसतील तर ते चौकटीच्या पायात जातं आणि लाकूड खालून कुजतं. ताटाला वरून स्क्रू मारू नये. चौकट दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरते, खाली नाही.

उंबऱ्याचा दगड बाहेर उतरता, आणि भिंतीच्या पुढे ४० मिमी आलेला. त्याच्या पोटाला कडेपासून १५-२० मिमीवर १० मिमीची खाच मारलेली, म्हणजे पाणी तिथेच तुटून पडतं, मागे सरकत नाही.

उंबरा १००-१५० मिमी वर असायला हवा. दोन इंचच असेल आणि वाढवणं शक्य नसेल, तर दारासमोर १०० मिमी रुंद जाळीची पन्हळ द्या, दारापेक्षा दोन्ही बाजूंना सहा इंच लांब. ती फरशीखालच्या कोटिंगशी जोडलेली हवी आणि तिचा स्वतंत्र पाइप हवा. जाळी निघणारी असावी.

[चौथरा]

आउटलेटचं इथेच लिहितो, कारण सांधा उत्तम केला आणि पाणी तुंबलं तर दोन इंची उंबऱ्यावरून ते आत येणारच.

ढाळ १०० ला १ कमीत कमी, म्हणजे १० फुटांना ३० मिमी, आणि तो भिंतीपासून दूर. ८० ला १ मिळाला तर उत्तम. तासाला १०० मिमी पावसाला १०० मिमी व्यासाचा पाइप साधारण ४० चौरस मीटरला पुरतो. हिशोबात पोर्चच्या ११ चौरस मीटरमध्ये वरच्या भिंतीचं निम्मं क्षेत्र, म्हणजे आणखी ११ मिळवा. पाइप पुरेसा आहे, अडचण तुंबण्याची असते. गुलमोहराची बारीक पानं जाळीतून आत जातात आणि पाइपाच्या पहिल्या वाकात दाटतात. पुण्यात गुलमोहर नसलेली गल्ली कमीच. म्हणून सपाट जाळीऐवजी घुमटाकार जाळी बसवा, आणि कठड्यातून एक ५० मिमीचा जादा पाइप बाहेर काढा, त्याची तळरेघ उंबऱ्यापेक्षा २५ मिमी तरी खाली. त्यातून पाणी पडायला लागलं की खालून लगेच दिसतं की मुख्य तोंड बंद झालं आहे.

आउटलेटच्या तोंडाशी कोटिंग पाइपाच्या आत ५० मिमी उतरवा. पाइपाच्या कडेला थांबवलं तर पाणी पाइपाच्या बाहेरून स्लॅबमध्ये जातं.

[देवडी]

वर डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं) किंवा लाकडी डेक टाकायचं असेल तर फ्लॅशिंगची गरज कमी होते का? पाणी फळ्यांखालून निघून जातंच.

[पत्राकाम]

गरज वाढते, कारण डेक बसल्यावर सांधा दिसतच नाही.

फॅब्रिकेटर सर्वात आधी एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) बॉक्स पाइपाची चौकट करतो आणि तिचे पाय स्लॅबमध्ये फास्टनरने ठोकतो. एका पायाला चार भोकं, नऊ पायांना छत्तीस. पूर्ण वॉटरप्रूफिंगला छत्तीस छिद्रं पडली. याऐवजी उंची कमी-जास्त होणारे प्लास्टिकचे पेडेस्टल घ्या, ते नुसते कोटिंगवर उभे राहतात, त्याखाली रबराची गादी द्या. चौकट तिच्या वजनाने आणि कठड्यांमध्ये अडकून जागेवर राहते.

चौकटीची एक बाजू भिंतीला धरायचीच असेल तर पट्टी भिंतीला चिकटवून बोल्ट करू नका. भिंत आणि पट्टी यांच्यात १२ मिमीची स्टेनलेस किंवा कडक प्लास्टिकची चकती घाला, म्हणजे भिंतीवरचं पाणी मागून सरळ खाली पडेल. बोल्ट फ्लॅशिंगच्या वरच्या भिंतीत, पट्टीतून कधीच नाही. भोक पाडलं, धूळ फुंकली, केमिकल अँकर (बोल्ट धरणारं रासायनिक चिकट द्रव्य) भरला आणि मग बोल्ट, या क्रमाने.

लाकडी आडव्या दांड्यांच्या वरच्या तोंडावर ब्युटिलची (चिकट रबराची) टेप लावा. फळीचा स्क्रू त्या टेपमधून जातो आणि टेप त्याच्याभोवती बसते. नाहीतर पाणी स्क्रूच्या भोकात साचतं आणि दांडी वरून आत कुजत जाते, बाहेरून रंग शाबूत दिसतो. फळ्यांची कापलेली टोकं तेलाने किंवा सीलरने दोनदा भिजवा, लाकूड पाणी टोकातूनच सर्वाधिक ओढतं. फळ्यांत ५-६ मिमी फट, भिंतीपासून १० मिमी. आउटलेटच्या वर एक फळी-झाकण स्क्रूने उघडणारं ठेवा.

[ओसरी]

आणि पोर्चवर पत्र्याची किंवा पॉलिकार्बोनेटची शेड असेल तर?

[पत्राकाम]

तत्त्व तेच, मापं मोठी. भिंतीवर उभी बाजू १५०, पत्र्यावर १५० ते २००, वरची कड भिंतीच्या खाचेत. शेडच्या पत्र्याच्या लाटांमध्ये आणि पट्टीच्या पोटात फोमचा भराव घाला, नाहीतर वारा पाणी उलटं वर ढकलतो. पट्टीचे स्क्रू लाटेच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. पॉलिकार्बोनेट ३ मीटरला जवळजवळ ८ मिमी वाढतं, म्हणून त्याची भोकं स्क्रूपेक्षा मोठी आणि वर रबरी वॉशर. शेड भिंतीकडे उतरती ठेवण्याची चूक कुठे कुठे दिसते, त्यावर फ्लॅशिंग हा उपाय नाही, शेडच उलटी करावी लागेल.

[कौलारू]

कठड्याचा माथा राहिला. ग्रॅनाइटची पट्टी प्लास्टरच्या तोंडाशी जुळवून लावायची पद्धत पडली आहे. ती दोन्ही बाजूंना ४०-५० मिमी बाहेर हवी, पोटाला खाच मारलेली, आणि माथा आतल्या बाजूला उतरता. पट्टीच्या खाली कोटिंगचा थर हवाच, कारण दगडाचे जोड कधी ना कधी उघडतात. रेलिंगच्या खांबांच्या प्लेटा माथ्यावरून न बसवता कठड्याच्या आतल्या बाजूने लावल्या तर माथ्याला भोकच पडत नाही.

[देवडी]

काम झाल्यावर ठेकेदार ४८ तास पाणी भरून दाखवतो. तेवढ्यावर पैसे द्यावेत का?

[सांधेजोड]

तेवढ्यावर नाही. पाणी भरतात ५० मिमी. पट्टी सुरू होते ११० मिमीवर. म्हणजे त्या चाचणीत पाण्याने फ्लॅशिंगला स्पर्शही केलेला नसतो. ती चाचणी कोटिंगची आहे, फरशी बसवण्याआधी ती जरूर करा (५० मिमी पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलो होतं, जुना स्लॅब असेल तर २५ मिमीच भरा). पट्टीसाठी वेगळी चाचणी: भिंतीवर पट्टीच्या दोन-तीन फूट वरून नळीचं पाणी तासभर ओघळू द्या, सीलंट पूर्ण वाळल्यावर. खाली छतावर भिंतीलगत खडूने रेघ मारून ठेवा, ओल सरकली तर लगेच कळते. पाण्याचा झोत वरच्या दिशेने मारू नका, पाऊस तसा पडत नाही.

फोटो तीन वेळा काढायला सांगा: खाच मारल्यावर मोजपट्टी आत घालून, जाळी बसवल्यावर, आणि पाचर ठोकल्यावर. फरशी बसली की यातलं काहीही तपासता येत नाही.

[चौथरा]

वेळेबद्दल एक सूचना. कोटिंग मेच्या भर दुपारी मारलं तर तापलेला स्लॅब त्यातलं पाणी ओढून घेतो आणि भुकटी होते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. सीलंटही सकाळी भरा. दुपारी स्लॅब आणि भिंत फुगून सांधा सर्वात अरुंद झालेला असतो, तेव्हा भरलेलं सीलंट थंडीत सगळ्यात जास्त ताणलं जातं. पुण्यात पाऊस साधारण १० जूनच्या आसपास स्थिरावतो, वळवाचे पाऊस त्याआधीच होतात. म्हणून वाटा, कोटिंग, चाचणी आणि फरशी धरून किमान तीन आठवडे हाताशी हवेत.

[ओसरी]

आणि जे आत्ताच गळत आहे, पावसात सापडलं तर?

[सांधेजोड]

पावसात खाच मारू नका. ओल्या विटेला पीयू धरणार नाही. भिंतीवर सांध्याच्या तीन फूट वर ताडपत्रीची कड लाकडी पट्टीने दाबून बसवा आणि ताडपत्री पोर्चवर पुढे सोडा. म्हणजे भिंतीचं पाणी सांध्याला न लागता ओलांडून जाईल. आतल्या बाजूने हॉलच्या भिंतीला वॉटरप्रूफ रंग मारू नका. ओल भिंतीत कोंडते, वर चढते आणि लोणा एक फूट वरच्या जागी निघतो.

दुरुस्तीनंतरही आतली भिंत लगेच रंगवू नका. नऊ इंची भिंत वाळायला काही महिने लागतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, क्षार पुन्हा विरघळून आत जातात. जूनआधी काम झालं असेल तर पहिला पूर्ण पावसाळा जाऊ द्या, दिवाळीच्या सुमारास भिंतीला प्लास्टिकचा फूटभर चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा. दोन दिवसांनी आतून दव धरलेलं दिसलं तर अजून थांबा.

[ओसरी]

शेवटची शंका. पट्टीची खालची १५ मिमी कड बाहेर किती वळवायची? आमचा कारागीर म्हणतो भिंतीला चिकटून सरळ ठेवली की दिसायला चांगली.

[पत्राकाम]

३० ते ४५ अंश. भिंतीला टेकलेल्या पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या बारीक फटीत पाणी वर ओढलं जातं, दोन काचा चिकटवून पाण्यात धरल्या की चढतं तसं. कड स्कर्टिंगपासून (भिंतीच्या पायाशी उभ्या लावलेल्या फरशीपासून) ५ मिमी तरी सुटी हवी. स्कर्टिंग १२५ मिमी उंच घ्या म्हणजे त्याची वरची कड पट्टीच्या ओठाखाली १५ मिमी जाते. प्लास्टर काढल्याने तिथे २० मिमीची खोबण झालेली असते, त्यात चिकटवणीसह फरशी मावते आणि पुढे येत नाही. स्कर्टिंग सिमेंटच्या मसाल्याने जाड बसवलं तर ते पट्टीला ढकलून वर उचलतं, म्हणून टाइल ॲडहेसिव्हच वापरायला सांगा.